पहिली गिटार घ्यायला जाताना खिशात रुपयाची दोन नाणी ठेवा

माझी पहिली गिटार मी 2017 च्या जूनमध्ये घेतली. दिवाळीच्या साफसफाईत ती माळ्यावर गेली आणि पुढची दोन वर्षं तिथेच राहिली. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. बँकेतली नोकरी, घरी सासूबाई, लेकीचं दहावीचं वर्ष. या वयात बोटं वळत नाहीत असं घरातल्यांनी धरलं आणि मीही तेच मानलं. लहानपणी सात वर्षं पेटी शिकलेली असूनही मानलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

2019 मध्ये भाच्याने ती गिटार मागितली. त्याला द्यायच्या आधी तारा तरी बदलून घ्याव्यात म्हणून मी ती वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर काकांकडे नेली. त्यांनी बाराव्या फ्रेटपाशी (गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) स्टीलची पट्टी धरली, डोळा बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, सव्वाचार मिलिमीटर उंच आहे तार. ही दाबणार कशी तुम्ही?" मग त्यांनी तारा उतरवल्या, ब्रिजमधली पांढरी पट्टी उपसली, सपाट काचेवर पॉलिशपेपर अंथरून ती खालच्या बाजूने घासली, मापली, पुन्हा घासली. ब्रिज म्हणजे तंबोऱ्याची घोडी समजा, आणि तिच्यातल्या पट्टीला सॅडल म्हणतात. बारावा फ्रेट तारेच्या बरोब्बर मध्यावर असतो, म्हणून तिथे एक मिलिमीटर कमी करायचा तर सॅडल दोन मिलिमीटर घासावं लागतं, हे त्यांनी मला दाखवत दाखवत समजावलं. गळ्यातला लोखंडी रॉड किल्लीने थोडा आवळला, वरच्या नटच्या, म्हणजे खुंट्यांजवळ तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खाचा बारीक कानशीने किंचित खोल केल्या. पाऊण तास गेला, चारशे रुपये झाले. घरी येऊन मी ई मायनर हा कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूर) धरला आणि सहाही तारा स्वच्छ वाजल्या. भाच्याला मी दुसरी गिटार घेऊन दिली.

म्हणून पहिली गिटार घेणाऱ्या प्रत्येकाला मी कंपनी आणि रंगाच्या आधी तारेची उंची बघायला सांगते. दुकानात जाताना रुपयाची दोन नाणी न्या. एक नाणं साधारण दीड मिलिमीटर जाडीचं असतं. सर्वांत जाड, म्हणजे सहावी तार बाराव्या फ्रेटवर कुठेही न दाबता मोकळी असू दे. तिच्या आणि फ्रेटच्या मधल्या फटीत दोन नाणी एकावर एक ठेवून सरकवून पाहा. जेमतेम जात असतील तर उंची तीन मिलिमीटरच्या आसपास आहे, नवशिक्याला चालेल. दोन नाणी सरकवूनही वर बरीच फट उरत असेल तर ती गिटार आहे तशी घेऊ नका. सर्वांत बारीक, म्हणजे पहिल्या तारेखाली मात्र दोन नाणी जाता कामा नयेत.

तार उंच असली की बोटं दुखतात, आणि सूरही बिघडतो. तार खूप खाली दाबावी लागली की ती ताणली जाते आणि सूर चढा लागतो. माझ्या जुन्या गिटारचे पहिले दोन फ्रेट पेटीशी कधीच जुळत नव्हते. मी मात्र माझा हात चुकतोय असं समजून रोज जास्त जोर लावत होते.

दुकानात आणखी काही गोष्टी बघायच्या. प्रत्येक तार पहिल्या फ्रेटपासून चौदाव्यापर्यंत एकेक फ्रेट दाबत सावकाश वाजवा. कुठे झर्रर्र आवाज आला की तो फ्रेट लक्षात ठेवा. शेजारच्या फ्रेटवरही तसंच होत असेल तर दुसरी गिटार मागा. गळ्याच्या कडेवरून तळहात वरून खाली फिरवा, फ्रेटची टोकं टोचता कामा नयेत. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा कोपरा शिरतो का पाहा. शिरला तर ब्रिज सुटायला लागलाय. बारीक तारांच्या खुंट्या फिरवून पाहा, त्या गुळगुळीत फिराव्यात, दाते अडकल्यासारखे वाटू नयेत. शेवटी कुठलीही तार बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर हलकेच स्पर्श करून छेडा आणि मग तीच तिथे दाबून वाजवा. दोन्ही सूर एक यायला हवेत. कानाचा भरवसा नसेल तर फोनवरचा ट्यूनर लावा.

हे सगळं करायला शांतता लागते. मी पुण्यात स्वारगेटहून मेट्रोने मंडईला उतरते आणि आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी अकराच्या सुमारास बुधवार पेठ, लक्ष्मी रोडकडे जाते. रविवारी संध्याकाळी त्या भागात गिटारचा झरझर आवाज ऐकू येणं शक्य नाही, आणि गणपतीच्या दहा दिवसांत तर तिकडे वाद्यखरेदीला जाऊच नका. तुम्ही नाणी काढल्यावर दुकानदार चिडला तर नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. चांगला दुकानदार स्वतःच म्हणतो, थांबा, तारांची उंची सेट करून देतो.

आता कुठल्या प्रकारची घ्यायची. गाणं म्हणायचं आणि सोबत वाजवायचं असेल तर धातूच्या तारांची अकूस्टिक. बोटं फार नाजूक असतील, सांधे दुखत असतील किंवा एकेक तार छेडत वाजवायला आवडत असेल तर नायलॉनच्या तारांची क्लासिकल. तिचा गळा रुंद असतो, नटपाशी 52 मिलिमीटरच्या आसपास, तर अकूस्टिकचा साधारण 43. लहान हाताला हा फरक लगेच जाणवतो. एक गोष्ट मात्र कधीही करू नका: आवाज वाढावा म्हणून क्लासिकलवर धातूच्या तारा चढवू नका. धातूच्या सहा तारा मिळून साधारण 70 किलोचा ताण देतात, नायलॉनच्या 40 च्या आसपास. तो ब्रिज उखडून हातात येतो.

इलेक्ट्रिक घ्यायची असेल तर आधी अकूस्टिकवर दोन वर्षं काढलीच पाहिजेत, हा समज खोटा आहे. तिच्या तारा बारीक असतात, बोटांना ती उलट सोपी जाते. रॉक वाजवायची ओढ असलेल्या मुलाला भावगीतांची अकूस्टिक आणून दिली तर तो ती वाजवणार नाही. फक्त छोट्या अँपचे (आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरचे) पैसे धरा आणि हेडफोन लावता येतो ना तेवढं बघा, फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी ते महत्त्वाचं आहे.

आकाराबद्दल. दुकानात सर्वांत आधी पुढे येते ती 41 इंची, मोठ्या पोटाची ड्रेडनॉट. माझी उंची पाच फूट एक इंच. ती मांडीवर घेतली की उजवा खांदा वर चढायचा आणि वीस मिनिटांत मान धरायची. मग मी लहान पोटाची, कमरेत बारीक असलेली घेतली. तुम्ही खुर्चीत बसा, गिटार घ्या, उजवा हात वरून टाका. खांदा सहज खाली राहिला पाहिजे. सात-आठ वर्षांच्या मुलाला पाऊण मापाची घ्या, "मोठा झाला की उपयोगी पडेल" म्हणून मोठी घेऊ नका.

पैसे. आठ ते बारा हजारांत यामाहा, कोर्टसारख्या कंपन्यांच्या साध्या अकूस्टिक येतात आणि छंदासाठी त्या वर्षानुवर्षं पुरतात. तीन-चार हजारांतही बरी गिटार मिळू शकते, पण मग हजारभर रुपये सेट करून घ्यायला बाजूला ठेवाच. दहा हजारांच्या न सेट केलेल्या गिटारपेक्षा चार हजारांची सेट केलेली मी केव्हाही घेईन. सोबत क्लिपचा ट्यूनर, एक कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटला दाबून धरणारा चिमटा), तारांचा एक जादा संच आणि जाड पिशवी हवी. तारा 0.011 किंवा 0.010 च्या मागा, हा आकडा म्हणजे सर्वांत बारीक तारेची इंचातली जाडी. बहुतेक दुकानांत 0.012 पुढे करतात, सुरुवातीला त्या कडक वाटतात. आतला पिकअप (गिटारचा आवाज स्पीकरकडे नेणारा भाग) आणि त्याची बटणं यांवर पैसे घालू नका, घरात ती कुणी वापरत नाही.

पुण्याच्या हवेचाही विचार करा. लाकडाला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारी हवा अगदी कोरडी आणि जुलै-ऑगस्टमध्ये भिंतीला ओल. कोरड्यात फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येतात, पावसात पोट फुगतं आणि तारा उंच होतात. अखंड लाकडाच्या महागड्या गिटारला हे जास्त सोसावं लागतं, प्लायच्या गिटारला कमी. म्हणून पहिली गिटार प्लायची असली तर बिचकू नका. बाहेरच्या भिंतीला ती टांगू नका. मे महिन्यात बंद गाडीत तर पाच मिनिटंही ठेवू नका, ब्रिजचा गोंद सुटतो. पावसाळ्यात पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि वाजवून झालं की जुन्या सुती साडीच्या तुकड्याने तारा पुसा. न पुसलेल्या तारा पावसाळ्यात महिन्याभरात गंजतात. एरवी मात्र ती पिशवीत कोंडू नका. माझी दिवाणाशेजारी स्टँडवर असते, आणि कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंतही मी ती उचलून वाजवते.

आता कॅपो. ज्यांच्या घरात पेटी आहे त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगते. आपण "काळी चारला गाते" म्हणतो, आणि गिटारवाला जी, सी, डी म्हणतो, म्हणून दोघांचं जुळत नाही. पांढरी एक म्हणजे सी, दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. कॅपो पहिल्या फ्रेटला लावला की सगळं अर्धा स्वर वर सरकतं आणि सोप्या पट्ट्या थेट काळ्यांवर जाऊन बसतात. सी धरलात की काळी एक, डी धरलात की काळी दोन, जी धरलात की काळी चार, ए धरलात की काळी पाच. राहिली काळी तीन, तिच्यासाठी कॅपो दुसऱ्या फ्रेटला लावून ई धरा. मी हा तक्ता वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय. कोजागिरीला आमच्या गच्चीवर गाणाऱ्या सगळ्यांच्या पट्ट्या वेगळ्या असतात, पण माझी बोटं सोपेच कॉर्ड धरतात, बाकीचं कॅपो सांभाळतो.

तालही परका नाही. केरव्याच्या आठ मात्रा मनात म्हणा. विषम मात्रेला (एक, तीन, पाच, सात) हात खाली, सम मात्रेला (दोन, चार, सहा, आठ) वर, घड्याळाच्या लंबकासारखा, न थांबता. आता दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला हात फिरू द्या, पण तारांना लावू नका. हाच तो नेहमी ऐकू येणारा गिटारचा ठेका. दादऱ्याला पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर जाड तार, बाकी चारांवर बारीक तीन तारा हलक्या. उजव्या हातात बांगड्या असतील तर त्या काढून ठेवा, लाकडाला ओरखडे पडतात आणि आवाजही मिसळतो.

रागदारीच्या अंगाने जाणारं गाणं तीन कॉर्डमध्ये बसवायचा हट्ट धरू नका. सहावी तार ई वरून डी पर्यंत उतरवा. आता जाड तीन तारा डी, ए, डी, म्हणजे पांढरी दोनचा सा, प, सा. त्या तीनच तारा अंगठ्याने सावकाश छेडत राहा आणि गा.

सराव रोज पंधरा मिनिटं. रविवारी सलग दोन तास बसून बोटं सोलवटण्यात अर्थ नाही. पहिले दोन-तीन आठवडे टोकं दुखतात, मग तिथली कातडी घट्ट होते. त्या दिवसांत डाव्या हाताची नखं अगदी बारीक ठेवा आणि बोट फ्रेटच्या लगेच मागे टेकवा, दोन फ्रेटच्या मधोमध नाही. निम्म्या जोरात सूर निघतो. मिनिटाचा टायमर लावून ई मायनर ते डी किती वेळा बदलता येतं ते मोजा आणि आकडा लिहून ठेवा. माझा पहिल्या दिवशी अकरा होता, महिन्याने अडतीस.

एफ हा कॉर्ड बहुतेकांना छळतो, कारण त्यात तर्जनी आडवी टाकून सगळ्या तारा दाबाव्या लागतात. तो लागत नाही म्हणून थांबू नका. चौथ्या तारेचा तिसरा फ्रेट, तिसरीचा दुसरा, दुसरीचा पहिला, पहिली तार मोकळी, आणि जाड दोन तारा वाजवायच्याच नाहीत. हा एफ मेजर सेव्हन. तो जवळजवळ सगळीकडे चालून जातो. मला खरा एफ सातव्या महिन्यात लागला, तोवर गच्चीवर मी हाच वाजवत होते.