कॅमेरा घेऊन न्यूझीलंडला राहायला निघताय? आधी ट्रायपॉड धुवा

पासपोर्ट, फॉरेक्स कार्ड, थर्मल्स वगैरे कुणीही सांगेल, ते सोडून देते. साउथ आयलंडला राहून लँडस्केप फोटोग्राफी करायची असेल तर पहिलं काम म्हणजे ट्रायपॉड आणि ट्रेकचे बूट धुणं. पुसणं नाही, धुणं. ट्रायपॉडच्या पायांचे सगळे जोड सोडवा, खालची रबरं काढा, आत कासच्या पठारावरची तांबडी माती आणि कोकणातली वाळू घट्ट बसलेली असते, ती जुन्या टूथब्रशने काढा. बुटांच्या सोलच्या खाचा टाचणीने कोरून काढा. कॅमेरा बॅगचं बूड बघा, वेल्क्रोत अडकलेली कुसळं एकेक करून उपटा. आणि हे निघायच्या आदल्या रात्री नाही हं, पावसाळ्यात निघणार असाल तर आठवडाभर आधी, कारण बूट आतून वाळतच नाहीत.

तो देश शेती आणि जंगलावर उभा आहे, बाहेरची माती, बी, कीड आत येऊ नये म्हणून विमानतळावर कडक तपासणी असते. ट्रॅव्हलर डिक्लरेशन भरताना बाहेर वापरलेल्या वस्तूंबद्दल विचारतात, तिथे सरळ ‘हो’ म्हणा. गोडा मसाला, लोणचं, मध, सगळं सांगा. लपवलं किंवा विसरलात तर 400 न्यूझीलंड डॉलरचा दंड जागेवर. मागच्या वेळी मी लेन्सना बबल रॅप गुंडाळत बसले आणि बूट तसेच पिशवीत टाकले, म्हणून इतकं कळकळीने सांगतेय.

सुट्या बॅटऱ्या केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाहीत. कॅमेऱ्याच्या साध्या बॅटऱ्या 100 वॉट-अवरच्या मर्यादेच्या खूप खाली असतात, पण मोठी पॉवर बँक किंवा ड्रोनची बॅटरी असेल तर त्यावरचा आकडा वाचा. महागड्या बॉडी आणि लेन्सचे सिरियल नंबर लिहून भारतातून निघतानाच कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर परत येताना हे सगळं तुमचंच आहे हे पटवत बसावं लागेल.

व्हिसाच्या अटी शब्दन्‌शब्द वाचा. एखाद्या कंपनीच्या नावावरचा वर्क व्हिसा असेल तर वीकेंडला फोटो विकून पैसे घेता येतील असं गृहीत धरू नका, आधी लेखी खात्री करा. फोटोवर घर चालायला वेळ लागतो, तोपर्यंतच्या भाड्याचे पैसे वेगळे ठेवा.

आता कामाचं. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो! आपल्याकडे डोंगराचा कुठला उतार कधी उजळेल हे अंगवळणी पडलेलं असतं, तो अंदाज तिथे पार उलटा होतो, त्यामुळे पहिले काही आठवडे सूर्याची दिशा दाखवणारं अ‍ॅप उघडंच ठेवा. शरद ऋतूचे पिवळे रंग एप्रिलमध्ये. आकाशगंगेचा गाभा आपल्याकडे दक्षिणेला खाली दिसतो, साउथ आयलंडच्या टेकापो तळ्याकाठी जून-जुलैत जवळजवळ डोक्यावर येतो. आओराकी मॅकेंझीचा तो भाग 2012 पासून डार्क स्काय रिझर्व्ह, म्हणजे रात्रीचा काळोख जपण्यासाठी राखलेला प्रदेश आहे, तिथे पांढरा टॉर्च फिरवू नका, लाल दिवा घ्या. मिलफर्ड साउंडला वर्षाला 6 मीटरच्या वर पाऊस पडतो, रेनकव्हर एक नाही, दोन घ्या.

आणि पुन्हा ट्रायपॉड. हो, पुन्हा. धबधब्याच्या फोटोसाठी पाय नदीत रोवलेत ना, मग दुसऱ्या नदीवर जाण्याआधी ते साबणाच्या पाण्याने धुवा आणि कोरडे झाल्यावरही आणखी 48 तास तसेच राहू द्या. 2004 मध्ये साउथ आयलंडच्या नदीत डिडिमो नावाचं शैवाल सापडलं, ते पाण्याच्या एका थेंबातूनही पसरतं आणि तळाचे दगड घाणेरड्या लोकरीसारखे झाकून टाकतं. ज्या नदीचे फोटो काढायला एवढ्या लांब आलो तीच आपल्या हातून खराब व्हायला नको. नॉर्थ आयलंडला कौरी नावाच्या झाडांच्या जंगलात बूट धुवायचे स्टँड असतात, घाईत असलात तरी तिथे थांबाच.

बाकी भराभर. संवर्धन खात्याच्या जागेवर ड्रोन परवानगीशिवाय उडवायचा नाही, पैसे घेऊन शूट करणार असाल तर तेही आधी विचारा. सँडफ्लाय या चावऱ्या माशीवरचं औषध तिथेच घ्या. सनस्क्रीन ढगाळ दिवशीही. पार्किंगमध्ये किआ पोपट असतील तर बॅग उघडी टाकून जाऊ नका, चोचीने रबर आणि झिप दोन्ही तोडतात.