लिनक्सवर नेट चालत नाहीये? आधी नेमकं कुठे अडलंय ते शोधा

"नेट चालत नाहीये" ही एक तक्रार नसतेच, ह्या एका वाक्यात पाच वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. केबलच नीट बसली नाहीये, कार्डाला ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) किंवा फर्मवेअर (कार्डात भरावी लागणारी फाइल) मिळालं नाहीये, राउटरने आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला नाहीये, राउटरच्या पुढे काही जात नाहीये, नाहीतर सगळं ठणठणीत आहे आणि फक्त डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) झोपलाय. पाचांवरचे उपाय वेगळे, आणि लोक काय करतात तर पहिल्याच मिनिटाला कुठलीतरी दहा वर्षं जुनी पोस्ट उघडून त्यातल्या कमांड सुडो (म्हणजे अ‍ॅडमिनचे हक्क) लावून धडाधड पेस्ट करतात, मग मूळ बिघाड तसाच राहतो आणि वर नवीन दोन तयार होतात. तर आधी खालून वर एकेक पायरी तपासायची, जिथे अडेल तिथेच थांबायचं, आणि तेवढंच दुरुस्त करायचं.

मी उबुंटू आणि मिंट धरून लिहितोय, कारण जुना लॅपटॉप पुन्हा वापरात आणायला बहुतेक जण हेच टाकतात. डेबियन, फेडोराच्या डेस्कटॉपवरही नेटवर्कमॅनेजरच (कनेक्शन सांभाळणारा प्रोग्रॅम) असतो त्यामुळे फार फरक पडत नाही. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्यात, टर्मिनलमध्ये (कमांड टाकायच्या खिडकीत) अर्थातच इंग्रजीत टाकायच्या, आणि वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं लहान.

टर्मिनल उघडायच्या आधी फोन घ्या, मोबाइल डेटा बंद करा आणि त्याच वायफायवर काही उघडतंय का बघा. डेटा बंद करायला विसरू नका, कारण वायफायवर नेट नसलं की फोन गुपचूप डेटावर जातो आणि आपण म्हणतो फोनवर तर चालतंय. फोनवरही नसेल तर फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागलाय का बघा. लागला असेल तर केबलवाल्याला फोन करा, लिनक्सचा काही संबंध नाही.

पहिली पायरी: कार्ड दिसतंय का, लिंक आहे का

‘आयपी लिंक’ टाका. ‘एलओ’ सोडून द्या. ‘ईएन’ने सुरू होणारं नाव, उदा. ईएनपी३एस०, म्हणजे वायर्ड, आणि ‘डब्ल्यूएल’ने सुरू होणारं, उदा. डब्ल्यूएलपी२एस०, म्हणजे वायरलेस. जुन्या पोस्टमध्ये ईटीएच० आणि डब्ल्यूएलएएन० दिसेल, ते जसंच्या तसं कॉपी केलं तर ‘असं डिव्हाइसच नाही’ म्हणून एरर येणार, तिथे आपलं नाव घालायचं.

वायर्डच्या ओळीत ‘नो-कॅरिअर’ दिसलं तर सेटिंगमध्ये डोकं घालायची गरजच नाही, सिग्नलच येत नाहीये. पोर्टवरचा दिवा बघा, केबल बदला, राउटरवरचं दुसरं पोर्ट वापरून बघा, ह्याच क्रमाने. केबल चालतेय पण स्पीड शंभरच्या वर जातच नाही असं असेल तर ‘सुडो ईथटूल ईएनपी३एस०’ करून स्पीडची ओळ वाचा. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात, त्यामुळे एखादी तार क्रिम्पिंगमध्ये सुटली किंवा उंदराने कुरतडली की लिंक गपचूप १०० वर उतरते आणि शिव्या खातो प्रोव्हायडर. आणि वळवाच्या पावसात विजा चमकून गेल्यानंतर लॅन बंद पडलं असेल तर पोर्ट जळालं असण्याची शक्यता बरीच आहे, हे आपल्याकडे दरवर्षी होतं. अशा वेळी ड्रायव्हर परत परत टाकत बसू नका, यूएसबीवाला लॅन अडॅप्टर घ्या, बहुतेक लावल्या लावल्या चालतात.

वायरलेसची गंमत जास्त आहे. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ टाका, प्रत्येक कार्डापुढे स्टेट लिहिलेली येते. ‘डिसकनेक्टेड’ म्हणजे कार्ड बरं आहे, फक्त जोडलेलं नाही. ‘अनमॅनेज्ड’ म्हणजे नेटवर्कमॅनेजर त्याला हात लावत नाहीये, डेबियनवर बऱ्याचदा ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’ ह्या फाइलमध्ये त्या कार्डाचं नाव राहिलेलं असतं, ती ओळ काढून रीस्टार्ट. ‘अनअव्हेलेबल’ दिसलं तर आधी ‘आरएफकिल लिस्ट’ बघा. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: येस’ असेल तर ‘सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ आणि विषय संपला. ‘हार्ड ब्लॉक्ड: येस’ असेल तर कुठलीच कमांड चालणार नाही, लॅपटॉपच्या कडेला छोटा सरकवायचा स्विच शोधा किंवा एफएन बरोबरची विमानाची नाहीतर अँटेनाची की दाबा. जुन्या बिझनेस लॅपटॉपना तो स्विच बऱ्याचदा असतो आणि बॅगेतून काढताना सरकतोही.

कार्ड यादीत नाहीच? मग ‘एलएसपीसीआय -एनएनके’ टाकून नेटवर्क कंट्रोलरची ओळ शोधा (यूएसबी डोंगल असेल तर ‘एलएसयूएसबी’). खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ लिहिलेलं नसेल तर ड्रायव्हर लागलेला नाही. ड्रायव्हर आहे पण वायफाय नाही असं असेल तर ‘सुडो डीएमईएसजी | ग्रेप -आय फर्मवेअर’ करून बघा, तिथे ‘फेल्ड विथ एरर -२’ असं काही दिसलं तर त्या -२ चा अर्थ एवढाच की फाइल सापडली नाही. कार्ड बिघडलेलं नाही, त्याला लागणारी फाइल डिस्कवर नाहीये. ‘लिनक्स-फर्मवेअर’ पॅकेज अपडेट केलं की इंटेल आणि बऱ्याच रियलटेक कार्डांचं काम होतं. डेबियनमध्ये २०२३ साली आलेल्या १२ पासून ह्या फाइल्स इन्स्टॉलरमध्येच यायला लागल्या, त्याआधीच्या डेबियनवर वायफाय नाही म्हणून रडणारे निम्मे जण ह्याच कारणाने रडत होते.

आता म्हणाल पॅकेज उतरवायला नेट पाहिजे आणि नेटच तर नाहीये. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्सला तो वायर्ड कार्डासारखा दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन वायफायवर असेल तर तेच वायफाय केबलमधून लॅपटॉपला मिळतं, डेटा पण जात नाही. ही एक ट्रिक माहीत असली तरी अर्धा त्रास वाचतो.

ब्रॉडकॉम हा जुन्या लॅपटॉपवरचा नेहमीचा आजार. टेदरिंग लावून मिंटमध्ये ड्रायव्हर मॅनेजर, उबुंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ उघडा, तिथे ‘बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स’ सुचवलं तर ते टाका. पण सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय) चालू असेल तर इन्स्टॉल होताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात आणि रीस्टार्टला निळा स्क्रीन येतो, त्यात ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड टाकायचा असतो. लोक घाबरून किंवा घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबतात, मग ड्रायव्हर टाकलेला असूनही कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याला आत घेत नाही. तसं झालं असेल तर पॅकेज परत टाका आणि ह्या वेळेला तो निळा स्क्रीन वाचा.

स्वस्त रियलटेक डोंगलबद्दल एकच सांगतो, कुठूनतरी सोर्स उतरवून कंपाइल करायच्या आधी ‘यूनेम -आर’ करून कर्नल बघा. ८८२१सीयू, ८८२२बीयू वगैरे चिप्सचा सपोर्ट ६.२ पासून कर्नलमध्येच आहे. बाहेरून कंपाइल केलेला ड्रायव्हर एखाद्या कर्नल अपडेटनंतर पडतोच, तोही बरोबर मिटिंगच्या दिवशी.

विंडोजही असेल त्याच मशीनवर आणि कार्ड कधी दिसतं कधी नाही असा खेळ चालू असेल तर विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. त्यात विंडोज पूर्ण बंद होत नाही, कार्ड अर्धवट स्थितीत सोडून जातं आणि लिनक्सला ते उठवता येत नाही. पटकन तपासायचं असेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा, मग लिनक्स चालू करा.

दुसरी पायरी: आयपी मिळालाय का

‘आयपी ए’ टाका. ‘आयनेट’पुढे १९२.१६८ किंवा १०ने सुरू होणारा पत्ता दिसला तर पुढच्या पायरीवर जा. काहीच नाही, किंवा १६९.२५४ने सुरू होणारा दिसला, तर राउटरकडून पत्ता आलेला नाही. कधीकाळी ऑफिसात घातलेला स्टॅटिक आयपी कनेक्शनमध्ये राहिलाय का बघा, आयपीव्ही४ ‘ऑटोमॅटिक’ करा, कनेक्शन बंद-चालू करा, राउटर रीस्टार्ट करा.

राउटर नसेल, केबलवाल्याची वायर थेट मशीनमध्ये येत असेल, तर दोन गोष्टी. त्याने युजरनेम-पासवर्ड दिला असेल तर ते पीपीपीओई आहे, साधं वायर्ड कनेक्शन चालणार नाही, ‘एनएम-कनेक्शन-एडिटर’ उघडून डीएसएल/पीपीपीओई प्रकारचं नवीन कनेक्शन बनवावं लागतं. आणि बरेच लोकल ऑपरेटर पहिल्या मशीनचा मॅक अ‍ॅड्रेस (कार्डाचा ओळख क्रमांक) बांधून ठेवतात, त्यामुळे नवीन कार्ड किंवा लॅपटॉप लावला की पत्ताच मिळत नाही, फोन करून मॅक रीसेट करायला सांगा.

वायफाय परत परत पासवर्ड विचारतंय? ‘एनएमसीएलआय कनेक्शन डिलीट’ आणि पुढे कनेक्शनचं नाव टाकून ते विसरायला लावा आणि नव्याने जोडा. पासवर्ड शंभर टक्के बरोबर असूनही तेच होत असेल तर राउटरची सिक्युरिटी फक्त डब्ल्यूपीए३ वर आहे का बघा, जुन्या कार्डांना ते झेपत नाही, डब्ल्यूपीए२ किंवा मिक्स्ड ठेवा. आणि नेटवर्कच यादीत दिसत नसेल तर आधी बघा की ते ५ गिगाहर्ट्झचं आहे का, कितीतरी जुन्या लॅपटॉपची कार्डं फक्त २.४ वाली असतात. राउटर चॅनेल १२ किंवा १३ वर असला तरीही काही कार्डांना दिसत नाही, १, ६ किंवा ११ वर आणा.

तिसरी पायरी: पुढे जातंय का

‘आयपी रूट’ टाका, ‘डिफॉल्ट व्हाया’पुढे जो पत्ता आहे तो तुमचा राउटर. त्याला पिंग करा (‘पिंग -सी ४’ आणि पुढे तो पत्ता, म्हणजे उत्तर येतं का ते कळतं), मग ‘पिंग -सी ४ ८.८.८.८’, मग ‘पिंग -सी ४ गूगल.कॉम’. पहिल्याला उत्तर नाही तर भानगड तुमच्या आणि राउटरच्या मध्ये. दुसऱ्याला नाही तर राउटरच्या पुढे. फक्त तिसऱ्याला नाही तर डीएनएस. ‘डिफॉल्ट’च्या दोन ओळी दिसल्या तर ‘मेट्रिक’ बघा, छोटा आकडा जिंकतो, आणि नेटवर्कमॅनेजर वायर्डला १०० नि वायफायला ६०० देतो, म्हणून नेट नसलेल्या राउटरची केबल लॅपटॉपला लावलेली राहिली की चांगलं चालणारं वायफायही बऱ्याचदा अडतं.

डीएनएससाठी ‘/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ फाइल उघडून त्यात १२७.०.०.५३ बघून घाबरू नका आणि ती फाइल उडवू तर अजिबात नका, उबुंटूत ते तसंच असतं. खरा डीएनएस कोणता ते ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ दाखवतं. बदलायचा असेल तर कनेक्शनच्या आयपीव्ही४ टॅबमध्ये ऑटोमॅटिक डीएनएस बंद करून १.१.१.१, ८.८.८.८ घाला. फक्त लक्षात ठेवा, असं केल्यावर हॉटेल किंवा कॉलेजच्या वायफायचं लॉगिन पेज कधीकधी उघडत नाही, तिथे तात्पुरतं परत ऑटोमॅटिक करावं लागतं.

काही साइट उघडतात, काही नुसत्या फिरत राहतात, असं पीपीपीओईवर झालं तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) तपासा. ‘पिंग -एम डू -एस १४७२ ८.८.८.८’ (इथे एम कॅपिटल, एस लहान) अडतं आणि १४६४ जातं असं दिसलं तर कनेक्शनमध्ये एमटीयू १४९२ करा. आणि प्रत्येक साइट सर्टिफिकेटची एरर देत असेल तर आधी घड्याळ बघा, जुन्या डेस्कटॉपच्या बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख मागे जाते. ‘सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू’ करा आणि सेल बदला.

चालतं पण तुटतं

जोडलेलं असून थोड्या थोड्या वेळाने अडकणाऱ्या वायफायवर पहिला संशय पॉवर सेव्हिंगचा. ‘सुडो आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० सेट पॉवर_सेव्ह ऑफ’ करून तासभर वापरून बघा. फरक पडला तर ‘/ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी’ (नेटवर्कमॅनेजरचे एन, एम कॅपिटल) मधल्या वायफाय-पॉवरसेव्हच्या फाइलमध्ये ३ चा २ करा, म्हणजे कायमचं होईल. डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टात, शेजारी हार्ड डिस्क, असं असेल तर ते आधी हलवा, यूएसबी ३ चा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो, डोंगलला छोटी एक्स्टेंशन केबल लावून लांब नेलं तरी सुधारतं.

एवढं करूनही नाही जमलं आणि कुणाला विचारणार असाल तर ‘इंक्सी -एनएक्सएक्सझेड’ (फक्त एन कॅपिटल), ‘आयपी ए’, ‘आयपी रूट’ आणि ‘जर्नलसीटीएल -बी -यू नेटवर्कमॅनेजर’ (एन, एम कॅपिटल) ह्यांचं आउटपुट टेक्स्ट म्हणून द्या, स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो नको, आणि तीन पिंगपैकी कितवं अडलं ते पहिल्याच ओळीत लिहा.