च्याओहे आणि गाओचांगची पडकी शहरं बघायची असतील तर

चीनमधली मातीची जुनी शहरं बघायची तर सरळ शिनच्यांगमधलं तुर्फान गाठा. शिनच्यांगची राजधानी उरुमचीहून फास्ट ट्रेन आहे, स्टेशनवर पासपोर्ट चेकिंग होतंच, तो हाताशीच ठेवा. जुलै-ऑगस्ट टाळा, पारा सहज ४० च्या वर जातो, सप्टेंबर-ऑक्टोबर बेस्ट. आणि हो, घड्याळ बीजिंगचं पण सूर्य मात्र दोनेक तास उशिरा, त्यामुळे 'दुपारी १२' म्हणजे तिथली सकाळच समजा.

वेळ कमी असेल तर च्याओहेच करा. गावापासून साधारण १० किमी, टॅक्सीने जा. दोन नद्यांच्या मधल्या उंच पठारावर वसलेलं शहर, चारी बाजूंनी ३० मीटरपर्यंत सरळसोट कडे, मग तटबंदी बांधायची गरजच काय! घरंही बरीचशी बांधलेली नाहीत, वरून खाली माती कोरत कोरत काढलीयेत, म्हणजे गल्लीत उभं राहिलं की दोन्हीकडे अख्खी भिंत एकाच मातीची, जोड कुठेच दिसत नाही. मधल्या मुख्य रस्त्याने सरळ उत्तरेकडच्या बौद्ध मठापर्यंत चालत जा, सावली शून्य, पाणी भरपूर घ्या, भिंतींवर अजिबात चढू नका.

खरी तटबंदी बघायची तर गाओचांग, तुर्फानच्या पूर्वेला, चोपून घट्ट केलेल्या मातीचे जाडजूड तट. सातव्या शतकात ह्युएन त्संग इथे थांबला होता, राजा सोडेचना म्हणून पठ्ठ्याने चक्क उपोषण केलं. हाच पुढे पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेला. इथे अंतरं मोठी आहेत, आत फिरायला गाडी मिळाली तर घ्याच.