जेवणानंतरचा गणिताचा तास असा जागा झाला (माझा अनुभव)

नवी मुंबईतल्या घणसोलीत सहावीला गणित शिकवते. जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धी पोरं पेंगायची, बाक इतके चिकटून की हलायला जागा नाही, आणि नेमका तेव्हाच पूर्णांक संख्यांचा धडा. मग मी बाहेर पॅसेजमध्ये खडूने -१० ते +१० संख्यारेषा आखली, अधिक आलं की उजवीकडे, उणे आलं की डावीकडे चालायचं, बस. -३ वर उभा असलेला एक एरवी गप्प मुलगा, +५ म्हटल्यावर पुटपुटत पावलं टाकत गेला, शून्य ओलांडलं आणि जोरात म्हणाला, "टीचर, दोन!"

शेजारच्या वर्गाला त्रास नको म्हणून उड्या नाहीत, फक्त पावलं, आणि बाकीचे तेच गणित वहीत सोडवतात. तासात मधेच नुसती पीटी घुसवू नका हं, हालचाल धड्यातलीच हवी, तरच ती डोक्यात राहते असं माझं ठाम मत आहे. डब्ल्यूएचओ ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगते, टॉवरमधल्या पोरांना ती मिळणार कुठून? आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणातही खेळातून शिकवा असं आहेच, त्यामुळे परवानगी मागताना तेच दाखवा. पुढच्या आठवड्यात कोन घेतेय, हात पसरून.