दिवाळीच्या गर्दीत गोदामाला माणसं लावताना या चुका टाळा

दसरा जवळ आला की चाकण, तळेगाव, वाघोली, सणसवाडी, सगळीकडच्या गोदामांना एकदमच माणसं हवी असतात. ठेकेदार तेच, पोरंही तीच.

पहिली चूक कॅलेंडरची. आपण ऑर्डरींचं कॅलेंडर बघतो, पोरांचं बघत नाही. लातूर, नांदेड, बीडकडची मुलं सोयाबीन काढणीला गावी जातात आणि ती वेळ नेमकी दसऱ्याच्या आसपासची. बिहारकडची दिवाळीनंतर सहाव्या दिवशी येणाऱ्या छठसाठी निघतात. एका हंगामात मी चाळीस माणसं मागितली, पहिल्या दिवशी चाळीस आलीही. तिसऱ्या दिवशी मस्टरवर २६ अंगठे. ठेकेदार म्हणाला, "साहेब, गावाकडं पाऊस उघडला." तेव्हापासून कोण कुठल्या गावचा आणि कधी जाणार, हे हजेरीच्या वहीतच लिहून घेतो.

दुसरी चूक हिशेबाची. समजा दिवसाला ८,४०० नग उचलायचे आहेत. मुरलेला पिकर, म्हणजे रॅकवरून नग उचलणारा, तासाला ६० काढतो, शिफ्टमध्ये खरं काम सात तासांचं, म्हणजे माणसं २०. पण नवीन पोराला रॅकचे नंबरच माहीत नसतात. त्याचा वेग निम्मा धरला तर ४० लागतील. म्हणून त्यांना गर्दीच्या आठवडाभर आधी बोलवा. तेवढी मजुरी जास्त जाते, जाऊ द्या.

कागदपत्रं ठेकेदारावर सोडून मोकळं होऊ नका. त्याने पीएफ थकवला तर वसुली तुमच्यापर्यंत येते. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, मालकाचे ३.२५ आणि कामगाराचे ०.७५ टक्के भरल्याचं चलन बघितल्याशिवाय त्याचं बिल काढू नका. चढ-उताराच्या कामाला हमालांसाठीचा १९६९चा माथाडी कायदा लागतो का, हेही माथाडी मंडळात आधीच विचारून घ्या. गाडी दारात उभी असताना तो वाद नको.

बसचंही बघा. सातची शिफ्ट असेल आणि बस तळेगाव चौकात अडकली, तर साडेसातपर्यंत डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या फलाटावर, कुणीच नसतं. बस अर्धा तास आधी काढा.

एवढं करूनही सकाळी माणसं कमी पडलीच, तर ऑफिसातल्यांना पिकिंगला पाठवू नका. त्यांना पॅकिंगच्या टेबलावर बसवा आणि तिथली जुनी पोरं रॅककडे वळवा. चुकीचा नग उचलला गेला तर तो परत येतो. टेप वाकडी लागली तर कुणी तक्रार करत नाही.