'बॅक इन ब्लॅक'चा गिटार टोन घरी काढताना या चुका टाळा

एसी/डीसी या रॉक बँडच्या 'बॅक इन ब्लॅक' अल्बमचा (१९८०) टोन काढायला बसलं की हात आधी गेनच्या (आवाज किती फाटतो ते ठरवणाऱ्या) नॉबकडे जातो आणि नॉब थेट आठ-नऊवर पोहोचतो. मूळ गणित तिथेच बिघडतं. या अल्बममधल्या गिटारी वाटतात त्यापेक्षा बऱ्याच स्वच्छ आहेत: अँगस यंगची गिब्सन एसजी, माल्कम यंगची ग्रेच, आणि दोघांकडे मार्शल ॲम्प. आवाजाला वजन येतं ते दोघांच्या काटेकोर एकत्र वाजण्यातून आणि दोन कॉर्डांमधल्या शांततेतून. गेन जास्त असला की ती शांतता सुसाट्याने भरून जाते.

मार्शल प्लेक्सी या जुन्या ॲम्पच्या धाटणीच्या सॉफ्टवेअर मॉडेलवर सुरुवात अशी करा: गेन ४ ते ५, बास ३, मिड ७, ट्रेबल ६. ब्रिज पिकअप, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण. आता ओपन ए कॉर्ड वाजवा. हळू छेडल्यावर आवाज जवळजवळ स्वच्छ आणि जोरात मारल्यावर करकरीत यायला हवा, शिवाय प्रत्येक तार वेगळी कळायला हवी. कळत नसेल तर गेन आणखी कमी करा. मिड मात्र कापू नका. एकट्याने वाजवताना मिड कापलेला आवाज भारदस्त वाटतो, पण बास गिटार आणि ड्रम्स आले की गिटार गायब होते.

डिस्टॉर्शन पेडल थेट ऑडिओ इंटरफेसला (गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याला) जोडलं की माशी गुणगुणल्यासारखा आवाज येतो. दोष पेडलचा नसतो. गिटार ॲम्पचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग गाळून टाकतो, आणि इथे ती गाळणीच नसते. बारा इंची चार स्पीकरच्या कॅबिनेटचा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे कॅबिनेटच्या आवाजाची डिजिटल नोंद) लावा. न्यूरल ॲम्प मॉडेलर या मोफत प्लगइनमध्ये तो लोड करता येतो. उलट चूकही होते: मॉडेलमध्ये कॅबिनेट आधीच असताना वर आयआर लावला तर आवाजावर गोधडी टाकल्यासारखं होतं. दोन्हींपैकी एकच ठेवा.

इंटरफेसवरचं 'इन्स्ट' (इन्स्ट्रुमेंट) बटण दाबायला विसरू नका. लाइन इनपुटमध्ये पिकअपवर भार येऊन ट्रेबल मरतो. सर्वांत जोरात वाजवताना मीटर -१२ डीबीच्या आसपास ठेवा.

एकच टेक (एकदा वाजवून केलेलं रेकॉर्डिंग) कॉपी करून डाव्या-उजव्या बाजूला टाकला तर आवाज मधोमधच राहतो, फक्त मोठा होतो. रुंदी हवी तर दोनदा वाजवा, आणि दुसऱ्या टेकला गेन एक घर कमी ठेवा.

तुलना करताना मूळ गाणं त्याच सॉफ्टवेअरमध्ये घ्या आणि तुमच्या गिटारइतकंच ऐकू येईपर्यंत त्याचा आवाज उतरवा. जोरात वाजणारं काहीही कानाला चांगलंच वाटतं. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांसाठी अगदी हळू आवाजावर सेटिंग केलं तर कानाला बास कमी भासतो, तो वाढवला जातो, आणि तीच सेटिंग मोठ्या आवाजावर घुमते.

घरघर येत असेल तर क्रमाने तपासा. लॅपटॉपचा चार्जर काढा. घरघर थांबली तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा. नाशकात पंचवटीतला जुना वाडा असो की गंगापूर रोडवरचा नवा फ्लॅट, सॉकेटचं अर्थिंग वायरमनकडून एकदा तपासून घ्या. आवाज बंद व्हावा म्हणून प्लगची अर्थ पिन कधीही तोडू नका, त्यात जिवाला धोका आहे. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमुळे खरखर येत असेल तर रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद करा. सिंगल कॉइल पिकअप असेल तर खुर्ची पाव फेरी वळवून पाहा. एखाद्या दिशेला घरघर बरीच कमी होते.

जून ते सप्टेंबर नाशकातल्या दमट हवेत तारा लवकर गंजतात, आणि त्यांची गेलेली चमक लोक ट्रेबल वाढवून भरू पाहतात. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसा, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. नवा सेट घातल्यावर बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता फक्त स्पर्श करून काढलेला सूर) ट्यूनरवर जुळतात का बघा. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे घ्या, उतरा असेल तर नेककडे सरकवा, आणि प्रत्येक वेळी तार पुन्हा ट्यून करूनच तपासा.