पहिली-दुसरीचे वाचन ग्रामसभेपर्यंत कसे न्यावे

शाळेची संरक्षक भिंत, पाण्याची टाकी, पोषण आहार यांवर ग्रामसभेत तासन्‌तास चर्चा होते. मात्र दुसरीतल्या लेकराला वाचता येते की नाही, हा विषय सहसा निघतच नाही. तो निघावा असे वाटत असेल, तर आधी गावाने मुलांचे वाचन स्वतःच्या कानांनी ऐकावे.

त्यासाठी मोठ्या परीक्षेची गरज नाही. क, म, न, ल, र, स ही सहा अक्षरे आणि काना एवढ्यातून मका, रान, कान, नाक, काम, माल, मामा असे कितीतरी शब्द तयार होतात. ते कोऱ्या कागदावर ठळक लिहावेत आणि सोबत वावर, पऱ्हाटी, बैल असे घरातले शब्द असलेली चार सोपी वाक्ये घ्यावीत. पाठ्यपुस्तकातील उतारा मात्र घेऊ नये. एका मुलीने मला धड्याचे पान घडाघडा म्हणून दाखवले होते. तिसऱ्या ओळीतल्या एका शब्दावर मी बोट ठेवले, तेव्हा तो सांगण्यासाठी तिला पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हणत यावे लागले. तिला पान पाठ होते, वाचता येत नव्हते, आणि घरात कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

ऐकण्यापूर्वी शिक्षकांना भेटून हेतू सांगावा, कारण तपासणीचा वास आला की सहकार्य संपते. शिक्षण हक्क कायद्यानुसार साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे पहिली ते चौथीच्या शाळेत प्रत्येकाकडे दोन-दोन वर्ग येतात, आणि एक जण बैठकीला गेला की चारही वर्ग एकाच्या गळ्यात पडतात. हे समजून घेतले, तर मागणी शिक्षकांच्या विरोधात न जाता त्यांच्यासोबत मांडता येते. मुलांची नावे जाहीर करू नयेत. किती जणांना अक्षर, किती जणांना शब्द आणि किती जणांना वाक्य वाचता आले, एवढेच आकडे पुरेत.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनअखेरीस उघडतात आणि त्याच वेळी पेरणीची घाई असते, म्हणून हे काम निंदणाच्या दिवसांत, संध्याकाळी करावे. दिवाळीनंतर कापूस वेचणीसाठी आई पहाटेच वावरात जाते आणि धाकट्या भावंडाला सांभाळायला पहिली-दुसरीतले मूल घरी राहते. त्यामुळे विषय १५ ऑगस्टच्या सुमारास होणाऱ्या ग्रामसभेतच मांडावा. त्याआधी होणाऱ्या महिला सभेत तो मातांनी मांडला, तर त्याला वजन येते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात. तिच्या बैठकीतही हेच आकडे ठेवून इतिवृत्तात नोंदवून घ्यावेत.

‘शिक्षणाकडे लक्ष द्यावे’ अशा मोघम ठरावाने काहीही हलत नाही. अंगणवाडीत आणि समाजमंदिरात गोष्टींच्या पुस्तकांची पेटी, वेचणीच्या काळात लहान भावंडांना सांभाळण्याची सोय, रिक्त शिक्षकपद भरण्याची मागणी, अशा दोन-तीनच गोष्टी मागाव्यात. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, यवतमाळच्या पोडांवर (कोलाम वस्त्यांवर) कोलामी आणि तांड्यांवर बंजारा बोलणाऱ्या मुलांसाठी, त्यांची भाषा जाणणारी गावातलीच एखादी ताई सुरुवातीचे महिने वर्गात असावी, ही मागणी मला सर्वांत मोलाची वाटते. कारण ज्या शब्दाचा अर्थच कळत नाही, तो मूल वाचणार कसा?

अर्ज ग्रामसभेची नोटीस निघण्यापूर्वी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) द्यावा आणि पोच घ्यावी. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा १० टक्के हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो, त्याचा उल्लेख करावा. तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे उद्दिष्ट शासनाने २०२१ मध्ये निपुण भारत अभियानातून स्वतःच स्वीकारले असून त्यासाठी २०२६-२७ ची मुदत ठेवली आहे, हेही लिहावे. ठरावात काम, रक्कम, जबाबदार व्यक्ती आणि तारीख या चारही गोष्टी असल्याची खात्री करून त्याची प्रत केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्यावी.

ऑगस्टमधले कागद जपून ठेवावेत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेपूर्वी त्याच मुलांना तेच शब्द पुन्हा वाचायला द्यावेत, आणि नवे आकडे जुन्यांच्या शेजारी लिहून सभेत वाचून दाखवावेत.